मल्टी-कॅश: मेहनत तिप्पट, स्मायली एकच?

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे (कॅश) शोधण्याचा खेळ; त्यातली मल्टी-कॅश एका टप्प्यावरून पुढच्याचा पत्ता काढत शेवटच्या डब्यापर्यंत नेते. ‘तीन ठिकाणी वणवण आणि स्मायली (डबा सापडल्याची खूण) एकच’ ही तिच्याबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार खरी आहे. टप्पे कितीही असोत, नोंद एकाच शोधाची होते. पण लोक मल्टी टाळतात ते मला वाटतं अनिश्चिततेमुळे. नकाशावर फक्त सुरुवात दिसते. शेवटचा डबा दोनशे मीटरवर की डोंगरापलीकडे, गाडी कुठे लावायची, पोरांना न्यायचं का, काही कळत नाही. त्यात मधल्या टप्प्यावरचा टॅग (पुढचा पत्ता लिहिलेली पट्टी) कुणी उपटला की पुढचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) गेलेच! कॅशच्या वर्णनात एकूण अंतर लिहिणाऱ्या मालकांचं, म्हणजे ती लपवणाऱ्यांचं, भलं होवो.

जुन्या गावात मात्र मला मल्टीच हवी. जर्मनीतल्या ‘किर्शेनमिक्रो’ मालिकेत चर्चभोवती अशा बऱ्याच आहेत: दारावरचं साल वाचा, खिडक्या मोजा, त्यातून पुढचे आकडे काढा. असे टप्पे सहसा चोरीलाही जात नाहीत.