स्वयंसेवकांकडून सहा महिन्यांचं लिहून घ्यावं का?

सांजवर्ग

नागपुरातल्या एका वस्तीत, समाजभवनाच्या हॉलमध्ये आम्ही पाचवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. अकरा वर्षं झाली. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन करतो. यंदा ४१ जणांनी नावं दिली. पहिल्या आठवड्यात २६ आले, पोळ्यापर्यंत १४ उरले आणि दिवाळीनंतर ६.

आम्हाला त्रास होतो तो होतोच, पण खरं नुकसान मुलांचं होतं. सहावीतल्या एका मुलाला यंदा तीन जणांनी अपूर्णांक शिकवले, आणि तिघांनीही पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात नवीन मुलगी शिकवायला आली तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ही दीदी किती दिवस राहणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पुढच्या वर्षापासून येणाऱ्या प्रत्येकाकडून सहा महिन्यांचं लेखी घ्यायचं, आठवड्याचे दोन वार पक्के करायचे आणि ज्याला हवा त्याला बसचा किंवा पेट्रोलचा खर्च द्यायचा, असं माझं मत झालंय. वाढदिवसाचा केक घेऊन एका संध्याकाळपुरतं येणाऱ्यांना मात्र नम्रपणे नाही म्हणायचं. आमच्या कार्यकारिणीत यावरून सरळ दोन गट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

जुना कार्यकर्ता

ताई, तुमची तळमळ समजते, पण हा मार्ग मला पटत नाही. सेवा सही घेऊन होत नसते. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. पाणी, जेवण, औषधपाणी, चुकलेली पोरं घरच्यांपर्यंत पोहोचवणं, हे सगळं कोण करतं? समता सैनिक दलाचे लोक असतात, वस्त्यावस्त्यांतली मंडळं असतात, कुटुंबंच्या कुटुंबं पदरचं धान्य आणून अन्नदान करतात. त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतलेलं नसतं.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची वृत्ती आतून यावी लागते. आम्ही सायकलवर महालातून पार्डीपर्यंत जायचो, कोणाकडे पेट्रोलचा खर्च मागितला नाही. आजच्या मुलांना एक फोटो काढला की काम संपलं असं वाटतं, आणि लिहून घेतल्याने ते बदलणार नाही. उलट जे मनापासून येतात त्यांना मात्र तुम्ही आपल्यावर अविश्वास दाखवताय असं वाटेल.

हिंगणा रोड

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, फोटोचं बोलणं मला लागलं.

२३ सप्टेंबर २०२३ आठवा. रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी काठच्या घरांमध्ये शिरलं. सकाळी आम्ही सात-आठ मित्र तिकडे गेलो. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. चिखल उपसला, भिजलेल्या गाद्या गच्चीवर नेल्या, एका आजींचं देवघर धुऊन दिलं. तिथे आमच्या वयाची किती पोरं होती ते तुम्ही पाहायला हवं होतं. काय करायचं ते समोर दिसत होतं, म्हणून सगळे लागले कामाला. पुढच्या आठवड्यात काम बदललं. कागदपत्रं सुकवायची, नुकसानभरपाईचे अर्ज भरून द्यायचे, म्हाताऱ्या माणसांसोबत जायचं. तेव्हा आम्ही गेलोच नाही. मन मेलं होतं असं नाही. कोणत्या घरी कोणी जायचं हे सांगणारं माणूसच नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवाची. एका संस्थेत मी दीड वर्ष दर शनिवारी जात होतो. फळ्याचा मार्कर संपला तरी एका ठरावीक काकांना फोन करायचा, ते घरून निघणार, कपाट उघडणार, मोजून दोन मार्कर देणार. दीड वर्षात त्या कपाटाची किल्ली एकदाही माझ्या हातात आली नाही. बैठकीला बोलवायचे ते सतरंज्या घालायला, आणि निर्णय आधीच झालेले असायचे. मी जाणं बंद केलं. का बंद केलं हे विचारायला आजपर्यंत कोणाचा फोन आलेला नाही. त्यांच्या हिशेबात मी 'न टिकलेला' असेन.

लिहून घ्यायला माझी हरकत नाही, ताई. फक्त मी काय देणार हे लिहून घेताना संस्था मला काय देणार हेही त्याच कागदावर लिहा.

जुना कार्यकर्ता

किल्लीचं म्हणता, तर दुसरी बाजूही ऐका. संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असते. दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. वस्तू गेली तर प्रश्न विश्वस्तांना विचारतात, शनिवारी येणाऱ्या मुलाला कोणी विचारत नाही. आणि इथे लहान मुलं आहेत. नव्या माणसाच्या हाती हॉल आणि मुलं देऊन निघून जायचं का? लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. काही विपरीत घडलं तर पहिली जबाबदारी आपली. माणूस ओळखायला वेळ लागतो.

हिंगणा रोड

मुलांच्या बाबतीत पूर्ण सहमत. कोणीही एकट्याने मुलांसोबत राहू नये, कायम दोन मोठी माणसं हवीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. असा नियम सांगितला म्हणून कोणाला अपमान वाटत नाही. पण मार्करचं कपाट आणि मुलांची सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, काका.

एनएसएस अधिकारी

मी एका कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहतो. ही योजना १९६९मध्ये सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. 'ही पोरं सर्टिफिकेटसाठी येतात' हे वाक्य मी सतत ऐकतो आणि मला ते अन्यायाचं वाटतं. येऊ द्या ना सर्टिफिकेटसाठी! आमच्या ५० मुलांमधली ३-४ तास पूर्ण झाल्यावरही येत राहतात. पहिल्या दिवशी ती वेगळी ओळखू येत नाहीत, त्यांनाही स्वतःबद्दल माहीत नसतं.

तासांचा एक फायदा असा की, आपण कुठवर आलो हे मुलाला दिसतं. तुमच्या वर्गात येणाऱ्याला काय दिसतं? अपूर्णांक काल येत नव्हते, आजही येत नाहीत. म्हणून नव्या माणसाला पूर्ण इयत्ता देऊ नका. दोन मुलं आणि एकच धडा द्या, उदाहरणार्थ तीन आठवड्यांत या दोघांचे पाढे पक्के. जमलं की पुढचं काम. आणि जुन्या माणसाने पहिले चार दिवस शेजारी बसावं. ४१ जणांना एकदम हॉलमध्ये सोडलं तर त्यातले अर्धे भिंतीला टेकून उभे राहतात आणि पुन्हा येत नाहीत. हे मी स्वतः चुकून शिकलोय.

धरमपेठ

कागदाला माझा पाठिंबा, सहा महिन्यांना नाही. आपल्या गावाचं वेळापत्रक पाहा. जुलै ते दिवाळी एक तुकडा, दिवाळी ते फेब्रुवारी दुसरा. मार्चमध्ये कॉलेजच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत कोण येणार? आणि डिग्री झाली की निम्मी मुलं पुण्याला, नाहीतर हैदराबादला. ती पळून जात नाहीत, ती पोटापाण्यासाठी जातात. जायची तारीख आधीच ठरलेली असली की माणूस आपली मुलं दुसऱ्याच्या हाती सोपवून, निरोप घेऊन जातो. ठरलेली नसली की फोन उचलणं बंद करतो. त्या सहावीतल्या मुलाचं दुखणं कायमची दीदी मिळाल्याने जाईल असं मला वाटत नाही. ही दीदी दिवाळीपर्यंत आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आणखी एक, कोणीच काढलं नाही म्हणून मी काढते. साडेसातला वर्ग सुटतो. थंडीत तेव्हा काळोख असतो, ऑटो मिळायला मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागतं. समाजभवनात बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं असतं का? मी दोन संस्थांमध्ये काम केलं, दोन्हीकडे चहा आणि हजेरीपत्रक बायकांकडे, माइक पुरुषांकडे. बायका का गळतात यावर एक बैठक त्याच बायकांना बोलावून घ्या, ताई.

वस्तीतलीच

मी अशाच एका वर्गात शिकली, आता तिथंच शिकवते. तीन वर्षं झाली. बाहेरून येणारे पाऊस आला की येत नाहीत, मी दोन गल्ल्या सोडून राहते त पावसातही जाते. पोरांच्या घरी कोण आजारी, कोणाचा बाप कामावरून सुटला, कोण शाळेत काहून जात नाही, हे मला विचारावं लागत नाही, माहीतच असते.

मला महिन्याला दोन हजार देतात. ते नसते त मी दुकानात लागली असती, आईनं तसं सांगितलंच होतं. पण पैसे घेते म्हणून काही जण मला स्वयंसेविका मानत नाहीत. कार्यक्रमात बाहेरच्या दीदींना शाल-श्रीफळ, मी मागे खुर्च्या लावून राहिली. इथं वर सायकलची गोष्ट वाचली. काका, तुमच्या घरी तेव्हा चूल पेटत होती ना? ज्याच्या घरी पेटत नाही त्यानं सेवा करूच नये का?

जुना कार्यकर्ता

बेटा, चूल पेटत होती. वडिलांना नोकरी होती. या बाजूने मी विचार केला नव्हता. शालीबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

निवृत्त रेल्वे

मला मात्र या मुलीचीच बाजू घेऊन मानधनाला विरोध करायचा आहे.

२००५पासून गावोगावी आशा काम करतात. सरकार त्यांना आपल्याकडे 'आशा स्वयंसेविका' म्हणतं. बाळंतपणं, लसीकरण, सर्वेक्षण, कोविडमध्ये घरोघर फिरणं, काम पूर्ण वेळाचं आणि नाव स्वयंसेविका. अंगणवाडीताईंचं तेच, वर्षानुवर्षं 'मानधनी'. डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की त्यांचे मोर्चे आपण सीताबर्डीवर पाहतो. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सांगायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. 'सेवा' या शब्दाआड काम काढून घ्यायची सवय आपल्याला फार जुनी आहे.

मुलगी आठवड्याचे सहा दिवस येते, पावसात येते, घरोघर जाते. ही नोकरी आहे. तिला दोन हजारांचं मानधन नको, रीतसर पगार आणि नेमणूकपत्र द्या. पैसे नसतील तर तिच्याकडून दोनच दिवस काम घ्या. खरा स्वयंसेवक तो, ज्याला उद्या न येण्याची मोकळीक आहे.

वस्तीतलीच

पगार दिला त कोण नाही म्हणते, काका. पण तुमच्या बोलण्यानं उद्या कमिटी म्हणेल, पगार देऊ शकत नाही, मग मानधनही बंद. नुकसान कोणाचं होईल? तत्त्व तुमचं राहील, दोन हजार माझे जातील.

निवृत्त रेल्वे

ही भीती खरी आहे. तसं होऊ नये. तरीही मी माझं मत बदलत नाही. दोन हजारांवर समाधान मानायची सवय तुला आणि कमिटीला, दोघांनाही लागू नये असं वाटतं.

एनएसएस अधिकारी

इथे मी काकांच्या विरोधात. आठवड्यातून दोन तास येणाऱ्यालाही बसचे पैसे द्यावेत. तो पगार नाही. गरिबाघरच्या मुलाला यायला खर्च पडत असेल आणि आपण तो देत नसू, तर आपल्याकडे फक्त गाडीवाल्या घरची मुलं येतील. आणि 'मागितले तर देऊ' असं ठेवू नका. मागायची लाज वाटते. सगळ्यांना द्या, ज्याला नको तो पेटीत टाकेल.

सांजवर्ग

दोन दिवस सगळं वाचत होते. काल कार्यकारिणीसमोर वाचूनही दाखवलं.

सहा महिन्यांचा आग्रह मी सोडला. जुलै ते दिवाळी असा एकच टप्पा, पुढचं तेव्हा विचारायचं. कागद राहील, एका पानाचा, आणि खालच्या अर्ध्या भागात संस्थेने काय करायचं ते असेल. भाडं सगळ्यांना, पेटी ठेवून. स्वच्छतागृहाची किल्ली समाजभवनाच्या चौकीदाराकडे असते आणि तो सहाला घरी जातो, हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. आमच्या मुली अडचण सांगत नव्हत्या, येणं थांबवत होत्या.

हिंगणा रोड, तुमचं वाचून मी सोडून गेलेल्यांची यादी काढली आणि फोन लावायला घेतले. नऊ झाले. दोघांनी उचलला नाही. एक मुलगी म्हणाली की तिला वाटलं होतं आम्हाला तिची गरज नाही, कारण आम्ही कधी काही विचारलंच नाही. एकाने स्पष्ट सांगितलं की त्याला मुलांना शिकवणं आवडत नाही, पण हिशेब लिहायला आवडेल. तो रविवारी येतो आहे.

मानधनावर आमचं एकमत झालं नाही. आमच्याकडेही वस्तीतल्या दोन मुली आहेत. मला निवृत्त रेल्वे काकांचं पटतं, पण दोन पगारांचे पैसे आत्ता आमच्याकडे नाहीत, आणि त्यांचं येणं कमी केलं तर वर्ग बंद पडेल. हे मी त्या दोघींना अजून विचारलेलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांना बोलावलं आहे, खुर्चीवर बसायला.

जुना कार्यकर्ता

लिहून घेण्याला माझा विरोध कायम आहे, ताई. पण सोडून गेलेल्यांपैकी काही नंबर मला द्या. शुक्रवारी दुपारी मी मोकळा असतो, फोन करेन.