प्रत्येक फंक्शनमध्ये नवे डेटाबेस कनेक्शन उघडावे का?

प्रश्न
आमच्या पीएचपी स्क्रिप्टमधील प्रत्येक फंक्शन स्वतःचे पीडीओ (पीएचपीतून डेटाबेस वापरण्याची सोय) ऑब्जेक्ट तयार करून मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडले जाते. वापरकर्ते वाढले की 'टू मेनी कनेक्शन्स' ही एरर येते. कनेक्शनची कमाल मर्यादा वाढवावी, की पर्सिस्टंट (स्क्रिप्ट संपल्यावरही उघडे राहणारे) कनेक्शन वापरावे?

उत्तर १
तूर्त दोन्ही नको. एका रिक्वेस्टसाठी एकच कनेक्शन उघडून ते प्रत्येक फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्यावे. स्क्रिप्ट संपली की पीएचपी ते आपोआप बंद करते. खरे तर मर्यादेपेक्षा मला ट्रान्झॅक्शनची (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाची) अधिक काळजी वाटते. ऑर्डर नोंदवणारे फंक्शन एका कनेक्शनवर आणि शिल्लक साठा कमी करणारे दुसऱ्या कनेक्शनवर चालत असेल, तर ही दोन्ही कामे एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसवताच येत नाहीत. शिवाय पहिल्याने लॉक केलेली (इतरांना बदलता येऊ नये म्हणून अडवलेली) रो दुसऱ्याला बदलायची असल्यास तुमची स्क्रिप्ट स्वतःचीच वाट पाहत अडकते आणि इनोडीबी या मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनच्या डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे ५० सेकंदांनी ती क्वेरी अपयशी ठरते.

उत्तर २
पर्सिस्टंट कनेक्शनबाबत थोडी भर घालतो. अशी कनेक्शन्स पीएचपीच्या प्रत्येक वर्कर प्रोसेसकडे (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रक्रियेकडे) स्वतंत्रपणे उघडी राहतात. दोन वेब सर्व्हरवर प्रत्येकी १०० वर्कर असतील, तर २०० कनेक्शन्स नुसती अडून राहू शकतात आणि मायएसक्यूएलची डीफॉल्ट मर्यादा १५१ आहे. त्यातच आधीच्या रिक्वेस्टने बदललेली सेशन व्हेरिएबल्स (त्या कनेक्शनपुरत्या सेटिंग्ज) किंवा न सोडलेले टेबल लॉक पुढच्या रिक्वेस्टच्या वाट्याला येतात, आणि असा दोष शोधणे अत्यंत कटकटीचे असते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एकाच कनेक्शनचा बदल केल्यावर संख्या बरीच घटली, तरी चालू कनेक्शन्सची यादी दाखवणाऱ्या 'शो प्रोसेसलिस्ट' कमांडमध्ये अनेक कनेक्शन्स 'स्लीप' (उघडी पण रिकामी) अवस्थेत दिसतात. शेवटच्या क्वेरीनंतर आमची स्क्रिप्ट बाहेरील सेवेमार्फत ईमेल पाठवते. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर १
दाट शक्यता आहे. ईमेलचे उत्तर येईपर्यंत कनेक्शन विनाकारण अडून राहते, म्हणून डेटाबेसचे काम संपताच पीडीओच्या व्हेरिएबलला 'नल' (रिकामे मूल्य) द्यावे. क्वेरीसाठी तयार होणाऱ्या स्टेटमेंट ऑब्जेक्टकडेही त्या कनेक्शनचा संदर्भ असतो, त्यामुळे त्यालाही 'नल' दिल्याशिवाय कनेक्शन सुटणार नाही. ईमेल पाठवण्याचे काम रांगेत टाकून वेगळ्या प्रक्रियेकडे सोपवता आले, तर वर्करसुद्धा लवकर मोकळा होईल.