सोयाबीनचा सीझन सरला तरी क्लाउडचं बिल खाली येईना, कुठं बघावं?

मोंढा_सॉफ्ट (लातूर)

राम राम मंडळी. आमचं लातूर, उदगीर, अहमदपूर इकडच्या आडत्यांसाठी पट्टीचं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे माल आला की वजन आन् भाव टाकायचा, हमाली तोलाई कापून पट्टी निघते आन् शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ जाते. सगळं एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रिजनवर हाय. दोन ईसी२ (भाड्याचे सर्व्हर), एक आरडीएस मायएसक्यूएल (अॅमेझॉननं सांभाळलेला डेटाबेस), समोर लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरवर वाटणारा), प्रायव्हेट सबनेट (बाहेरून थेट न दिसणारं आतलं नेटवर्क) आन् नॅट गेटवे (तिथून बाहेर इंटरनेटवर जायची वाट). स्टेजिंगची (आधी तपासून बघायच्या सेटअपची) बी तशीच सेम टू सेम कॉपी. सेटअप आधीच्या माणसानं करून दिलता, तो आता नाही.

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक लई असते तेव्हा बिल सत्तर-पंच्याहत्तर हजार यायचं, ते समजू शकतो. आता हरभरा चालूय पण पट्ट्या निम्म्याबी नाहीत, तरी मार्चचं बिल उलट लाखाच्या घरात गेलं, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. आडत्यांकडून आम्ही वर्षाचे पैसे एकदाच घेतो त्यामुळं मधीच वाढवता येत नाही. पार्टनर म्हणायलाय डेटाबेसचं मशीन लहान कर. मी म्हणायलो लहान केलं आन् सौद्याच्या टायमाला बसलं तर आडते फोन करून करून जीव घेतील. कुठून सुरुवात करू?

जुना_सिस्टीमवाला (छ. संभाजीनगर)

मशीनला आत्ताच हात लावू नको भाऊ. आधी कॉस्ट एक्सप्लोररमधे (एडब्ल्यूएसचं खर्च बघायचं पान) जा, ग्रुप बाय मधे सर्व्हिस नको, 'युसेज टाईप' निवड आणि फेब्रुवारी-मार्च शेजारी शेजारी लाव. मला एक शंका आहे, मायएसक्यूएल ५.७ तर नाही ना?

असेल तर हे वाच. आरडीएसवर ५.७ चा स्टँडर्ड सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ ला संपला. त्यानंतर ज्यांनी अपग्रेड केलं नाही त्यांना एक्स्टेंडेड सपोर्टचा (जुनं व्हर्जन पुढं सांभाळायचा) चार्ज लागतो, दर व्हीसीपीयूला (मशीनच्या प्रोसेसरच्या युनिटला) दर तासाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रिजनमधे पहिली दोन वर्षं ०.१० डॉलर आणि तिसऱ्या वर्षापासून दुप्पट, म्हणजे १ मार्च २०२६ पासून. मुंबईचा दर तू तुझ्या बिलात बघ. आता गंमत बघ, टी३ मायक्रो हे लहान मशीन घे नाहीतर टी३ लार्ज हे मोठं घे, दोन्हीला व्हीसीपीयू दोनच. म्हणजे पार्टनर म्हणतो तसं मशीन लहान केलं तरी हा चार्ज एक रुपयानं कमी होणार नाही. आणि स्टेजिंगची सेम टू सेम कॉपी म्हणजे तिथं पण तोच चार्ज, जिथं दिवसातून दोन माणसं लॉगिन करतात!

दुसरं नॅट. पट्टीची पीडीएफ एस३ वर (अॅमेझॉनचं फाईल ठेवायचं स्टोरेज) नॅटमधून जात असेल तर बंद कर, एस३ चा गेटवे टाईपचा व्हीपीसी एंडपॉइंट (आपल्या नेटवर्कातून एस३ ला थेट जायची आतली वाट) फुकट आहे. घेताना बघून घे, इंटरफेस टाईपचा घेतलास तर त्याला तासाचे पैसे लागतात. नॅटमधून एस३ ला जाणं म्हणजे शेजारच्या घरी जायला टोलनाक्यावरून वळसा घातल्यासारखं आहे. नॅटला नुसता चालू ठेवायचा चार्जच व्हर्जिनियाच्या दरानं महिन्याला ३३ डॉलरच्या आसपास पडतो, जीबीचे वेगळे, आणि तुझे दोन आहेत. व्हॉट्सअॅपचे कॉल बाहेर जातात म्हणून प्रॉडक्शनला नॅट लागेल, स्टेजिंगला कामून पाहिजे?

स्टेजिंग रात्री आणि रविवारी बंद ठेव. आठवड्याचे १६८ तास, त्यातले सकाळी ९ ते रात्री ९ सहा दिवस धरले तर ७२ च. फक्त आरडीएस स्टॉप केला की सात दिवसांनी आपोआप चालू होतो, म्हणून लांबच्या सुट्टीला त्याच्यावर विसंबू नको. आणि बंद असला तरी स्टोरेजचे पैसे चालूच असतात.

रेड्डीमेड_पोऱ्या (नांदेड)

एवढा कुटाणा कशाला करायलाव. सरळ एक व्हीपीएस (छोटा भाड्याचा सर्व्हर) घ्या फिक्स भाड्याचा, पोस्टग्रेस (फुकटचा डेटाबेस) टाका, रात्री डम्प (डेटाची पूर्ण कॉपी) काढा. दोनचार हजारात काम होतंय. आडत्याला काय माहीत खाली काय चालायलंय.

हिशोबी_ताई (परभणीची, सध्या पुण्यात)

व्हीपीएस वाईट नाही, मी पण छोट्या कामाला तेच सांगते. पण डम्प रात्री निघतो आणि डिस्क दुपारी चारला गेली तर त्या दिवसाच्या पट्ट्या कुठून आणायच्या? शेतकरी पैसे घेऊन गावाला गेलेला असतो. आरडीएसला ऑटोमॅटिक बॅकअप चालू असेल तर साधारण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत मागं जाता येतं, त्याचे पैसे आपण देतो. ते द्यायचे का नाही हे ठरवून द्यावेत एवढंच.

देवा, मला तुझ्या प्रश्नातलं "पट्ट्या निम्म्याबी नाहीत" हे महत्त्वाचं वाटलं. दर महिन्याचं बिल भागिले त्या महिन्यातल्या पट्ट्या, हा एकच आकडा काढ. नुसतं बिल बघितलं की नोव्हेंबर महाग वाटतो, पण पट्टीमागं बघितलं तर नोव्हेंबरच सगळ्यात स्वस्त निघेल, कारण नॅट, लोड बॅलन्सर, डेटाबेस, स्टेजिंग हे सगळं जूनमधे मोंढा रिकामा असला तरी तेवढंच खातं. तू पैसे वर्षाचे घेतोस, मग वर्षभराचा पट्टीमागचा खर्च तुला माहीत पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीचा दर कशावर लावणार? अॅमेझॉनचे सीटीओ वर्नर व्होगल्स यांनी २०२३ च्या रीइन्व्हेंटला (एडब्ल्यूएसच्या वार्षिक परिषदेत) हेच मांडलं होतं, खर्च धंद्याशी जोडलेला पाहिजे. आपल्या आडत्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, तो क्विंटलमागं हमाली किती पडली ते तोंडपाठ सांगतो.

आता लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर चालताना करत राहतं त्या नोंदी. क्लाउडवॉच (एडब्ल्यूएसची लॉग ठेवायची सर्व्हिस) लॉग ग्रुपचं रिटेन्शन (किती दिवस ठेवायचं ते) आपण सेट केलं नाही तर 'नेव्हर एक्स्पायर' असतं. पण फक्त रिटेन्शन लावून फार वाचत नाही कारण खरे पैसे आत घेतानाच लागतात, व्हर्जिनियात जीबीला ०.५० डॉलर, ठेवायला त्या मानानं किरकोळ. म्हणून सॉफ्टवेअर लॉगमधे लिहितंय काय ते बघ. एका प्रोजेक्टमधे मी लॉग उघडला तर व्हॉट्सअॅपला पाठवायची अख्खी पीडीएफ बेस६४ करून (अक्षरांत बदलून) डीबगमधे (चूक शोधायच्या नोंदीत) छापली जात होती, प्रत्येक पावतीला, रीट्राय झाला की परत! एक ओळ काढली, त्या लॉग ग्रुपचा चार्ज जवळजवळ गेलाच.

आणि कुणी सांगितलं की जुन्या पट्ट्या एस३ च्या स्टँडर्ड-आयए मधे (क्वचित लागणाऱ्या फाईलींचा स्वस्त प्रकार) ढकल, तर आधी फाईलची साईज बघ. तिथं कमीत कमी १२८ केबीचं बिल लागतं. तुझी पट्टी ३०-४० केबीची असणार, म्हणजे स्वस्त दर घेऊन जास्त पैसे जातील. त्यापेक्षा पीडीएफ ठेवायचीच कशाला, टेबलात सगळे आकडे आहेत, मागितली की परत बनव.

मोंढा_सॉफ्ट

सिस्टीमवाले दादा, बघितलं. ५.७ च हाय, दोन्हीकडं. मार्चमधे जे वाढलं ते जवळपास सगळं एक्स्टेंडेड सपोर्टच्याच लाईनीत. पार्टनरला दाखवलं तर गप बसला. ताई, पीडीएफ साधारण ३५ केबीची हाय, आयएचं मी करणारच होतो, वाचलो. आता ८.० वर गेलं तर काय काय फुटतंय?

जुना_सिस्टीमवाला

८.० वर थांबू नको, त्याचा पण आरडीएसवरचा स्टँडर्ड सपोर्ट जुलै २०२६ पर्यंतच आहे. ५.७ वरून थेट ८.४ ला उडी मारता येत नाही, मधे ८.० लागतं, पण मुक्काम ८.४ लाच कर.

फुटायचं म्हणशील तर दोन गोष्टी हमखास. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव `रँक`, `ग्रुप्स` असं काही ठेवलं असेल तर ते ८.० मधे राखीव शब्द झालेत, क्वेरी एरर देईल, ती सापडते तरी. दुसरी न सापडणारी आहे. ५.७ मधे क्वेरीत ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) केलं की निकाल आपोआप सॉर्ट होऊन यायचा, ८.० पासून ते बंद झालंय. आडत्यानिहाय किंवा तारखेनिहाय रिपोर्टला ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) लिहिलेलं नसेल तर ओळी पुढंमागं होतील, एरर काहीच येणार नाही, आणि मुनीमजी म्हणतील हिशोब चुकला. सगळे रिपोर्ट ग्रेप करून (कोडमधे शब्द शोधून) बघ.

स्टेजिंग आधी कर. प्रॉडक्शन मोंढा बंद असतो त्या दिवशी, ब्लू-ग्रीन डिप्लॉयमेंटनं, म्हणजे जुन्याच्या शेजारी नवा डेटाबेस तयार करून मग स्विच करायचं. स्विच झाल्यावर जुना ५.७ नाव बदलून तसाच चालू राहतो, एक्स्टेंडेड सपोर्टच्या चार्जसकट. दोनचार दिवस ठेव आणि मग शेवटचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण कॉपी) घेऊन हातानं डिलीट कर, तो स्वतःहून जात नाही.