विषय: एसएटीच्या वाचनाची उत्तरं जुळवायची का?

नमस्कार मंडळी,

शनिवारी लेकाची एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, झाली. बाहेर आल्यापासून तो आणि त्याचा मित्र गाडीत मागे बसून नुसते हमरीतुमरीवर. पक्ष्यांच्या परिच्छेदाला याने 'ब' दिलं, त्याने 'ड'. घरी येऊन पुन्हा फोनवर तेच. आता म्हणतो, पाच तरी चुकलेत, आणि ताटावर लक्ष नाही. कुणाची मुलं त्याच दिवशी बसली असतील तर प्रश्न इथे टाकू का? एकदाचा घोर मिटेल.

---

काकू, प्रश्न अजिबात टाकू नका. परीक्षेतला मजकूर बाहेर सांगायला ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची मनाई आहे, गुण रद्दही होऊ शकतात.

आणि जुळवणार कशाशी? मी कागदावर दिली तेव्हा 65 मिनिटांत 52 प्रश्न, लांबलचक परिच्छेद. अमेरिकेत मार्च 2024 पासून सगळं संगणकावर आहे. वाचन-लेखनाचे 54 प्रश्न, 27-27 चे दोन भाग, प्रत्येकी 32 मिनिटं. परिच्छेद 25 ते 150 शब्दांचे आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. पहिला भाग कसा गेला त्यावरून दुसरा सोपा द्यायचा की कठीण ते ठरतं. म्हणजे "मला दुसरा भाग फारच सोपा गेला" असं कुणी ऐटीत सांगत असेल तर आपण नुसतं हसावं. शिवाय प्रत्येक भागातले 2 प्रश्न गुणांत धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायचे असतात. कुठले, ते मुलांना कळत नाही. तेव्हा 'पाच चुकले' या हिशोबाला काही अर्थ नाही.

भांडण मात्र वाया जात नाही, फक्त सरावाच्या प्रश्नावर करावं. धाकट्या भावासाठी मी एक घरीच बनवला होता: शास्त्रज्ञाने पुढच्या लेखात आपला दावा 'क्वालिफाय' केला, म्हणजे काय केलं? आपल्या डोक्यात क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं. त्याने 'सिद्ध केला' निवडलं आणि तासभर हटला नाही. खालच्याच ओळीत लिहिलं होतं की हे फक्त लहान बेटांना लागू पडतं. म्हणजे दाव्याला मर्यादा घातली! मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा कुठे गप्प बसला. त्याची खोड अशी की पर्याय वाचून पटला की झालं, परत मजकुराकडे बघायचंच नाही. 'नेहमी', 'सर्वच' असले शब्द असलेला पर्याय तर त्याला फार आवडायचा, आणि मजकुरात बिचाऱ्या लेखकाने 'काही वेळा' म्हटलेलं असायचं.

लेकाला म्हणावं, गुण साधारण दोन आठवड्यांत येतील, तोवर जेव.

---

बरं झालं विचारलं. प्रश्न टाकत नाही, कानाला खडा.

तुझी मेल लेकाला वाचून दाखवली. त्याने लगेच मित्राला फोन लावला. दोन मिनिटं नुसतं "काय? काय?" चाललं होतं. याच्या परिच्छेदातले पक्षी घरटं बांधत होते, त्याच्यातले स्थलांतर करत होते. शनिवारपासून दोघं दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत होते! आत्ता तिसरी पोळी मागतोय.