नॉइज कमी, साउंड जास्त: हे मराठीत कसं लिहायचं?

काना_मात्रा
एका वाहनविषयक मासिकासाठी लेख मराठीत करतेय. हल्लीच्या गाड्यांमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवतात, त्याबद्दल आहे. एका वाक्यावर अडकले. मूळ लेखक म्हणतो की अभियंते आधी गाडीतला नॉइज घटवतात आणि मग इंजिनाचा साउंड वाढवतात. मी सरळ लिहिलं: "अभियंते आधी गाडीतला आवाज कमी करतात आणि मग आवाज वाढवतात." संपादकांनी शेजारी लिहून परत पाठवलं, "नक्की काय करतात?"

चूक त्यांची नाही. "गोंगाट कमी करतात आणि ध्वनी वाढवतात" असं करून पाहिलं, तर शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यासारखं वाटायला लागलं. दुसरी अडचण, स्पीकरमधल्या त्या आवाजाला "कृत्रिम" म्हणू की "खोटा"? "कृत्रिम आवाज" म्हटलं की मला यंत्रमानव बोलतोय असं वाटतं. सुचवा. परवा मजकूर द्यायचाय.

शुद्धमती
मुळात "आवाज" फारसी. साउंडला "ध्वनी" आणि नॉइजला "रव" घ्या, प्रश्न मिटला. कलरव आपण वापरतोच की. जाता जाता: हल्ली मुलांची नावं "आरव" ठेवतात आणि अर्थ "शांत" सांगतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. शांत तो "अरव", पहिला अ ऱ्हस्व. एका कान्याने बाळ रडायला लागतं.

आडकित्ता
आरवचा मुद्दा झकास. बाकी असहमत. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी "महापौर" आणि "चित्रपट" दिले, ते रुजलेही. पण "आवाज" हद्दपार करायचा तर "आवाज बसलाय" याला काय म्हणणार, ध्वनी आसनस्थ झाला? आणि टायरच्या घासण्याला "रव" म्हणणारा वाहनचालक मला एकदा बघायचाय. ह.घ्या.

शुद्धमती
हलकेच घेतलं. पण टिंगल हा युक्तिवाद नव्हे. "महापौर" लाही लोक पहिल्यांदा हसलेच असतील.

ठोकपीट
आयुष्य गॅरेजात गेलं, म्हणून बोलतो. आमच्यात गाडीला आवाज असणं हेच दुखणं. "गाडी वाजतेय" म्हणत गिऱ्हाईक येतं. टॅपेट वाजतो, बेअरिंग वाजतं, दार वाजतं. चांगल्या गाडीबद्दल "छान वाजते" असं आजवर कोणी म्हणालेलं नाही. तबला वाजला तर वाहवा, सस्पेन्शन वाजलं तर खर्च. तेव्हा ताई, नॉइजला वेगळा शब्द शोधू नका. "गाडीतलं वाजणं कमी केलं" लिहा, सगळ्यांना कळेल.

आणि एक सावधगिरी. उभ्या गाडीच्या इंजिनाला "घरघर" लिहू नका. मी एकदा गिऱ्हाइकाला म्हटलं, "मस्त घरघर आहे तुमच्या गाडीला," तर त्याचा चेहराच पडला. घरघर लागते ती शेवटची.

काना_मात्रा
अरे देवा. लेखात तीन ठिकाणी "घरघर" आहे. बदलते.

डेसिबल
वाहनांच्या आवाजावर काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक. शब्द ठरवण्याआधी वस्तू एक आहे की तीन ते बघा.

पहिला प्रकार म्हणजे नळीने आणलेला आवाज. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा दाबाचे हिसके बसतात. एक पडदा आणि नळी लावून ते केबिनपर्यंत पोहोचवतात. लेक्सस एलएफएमध्ये यामाहाच्या लोकांनी असे मार्ग घडवले होते, स्पीकर न वापरता. दुसरा प्रकार, फोक्सवॅगनने काही गाड्यांत बसवलेलं साउंडअॅक्टर. पुढच्या काचेच्या खाली बसवलेलं हे उपकरण थरथरतं आणि गाडीचं अंगच त्याचा स्पीकर होतं. तिसरा, संगीताच्या स्पीकरमधूनच वाजवलेला. २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये हा होता आणि त्यावर बरीच ओरड झाली.

पहिल्याला "खोटा" म्हणणं अन्याय आहे. तो इंजिनाचाच आवाज, फक्त वाट करून दिलेला. तिसऱ्यातही बहुधा कुठली ध्वनिफीत लावून ठेवलेली नसते. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, म्हणून मूळ कंप्रता १०० हर्ट्झ. त्याच वेगाला तीन सिलिंडरचं ७५ हर्ट्झवर आणि आठ सिलिंडरचं २०० हर्ट्झवर बोलतं. संगणक फेरे मोजतो, अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते बघतो आणि त्या पटीतले सूर कमीजास्त मिसळतो.

गंमत पुढे आहे. तेच स्पीकर आवाज मारायलाही वापरतात. नको असलेल्या लाटेच्या उलट लाट सोडायची, दोन्ही एकमेकींना खातात. पॉल ल्यूग यांना या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं होतं. म्हणजे ताई, "आवाज कमी करतात आणि आवाज वाढवतात" हे तुमचं वाक्य शब्दशः खरं आहे. एकच स्पीकर एकाच क्षणी दोन्ही करतो.

आडकित्ता
काट्याने काटा. आवाजाला आवाजाचा उतारा.

तंबोरा
शब्द तर हजारो वर्षं तयार आहे! शास्त्रात नाद दोन प्रकारचा: आघातातून निघतो तो आहत, आघाताविना असतो तो अनाहत. सिलिंडरात स्फोट झाला, आहत. स्फोटच नाही तरी ऐकू येतंय, अनाहत. विजेच्या गाडीतला इंजिनाचा आवाज म्हणजे निखळ अनाहत नाद. योगी लोक जन्मभर बसून जे ऐकतात ते इथे बटणावर.

डेसिबल
कल्पना फारच आवडली, पण स्पीकरचा पडदा हवेला धक्के देतोच. आहतच झाला तो.

तंबोरा
रसभंग करणाऱ्यांचा निषेध. बरं, "खोटा आवाज" मात्र टाळा. गाण्यात त्याला स्वतंत्र अर्थ आहे. वरच्या पट्टीत गळा चोरून लावतात, तो.

पांढरी काठी
मला दिसत नाही, हा धागा स्क्रीनरीडरवर ऐकतोय. वरच्या चर्चेत गाडीच्या आत बसलेल्यांचाच विचार चाललाय. बाहेर सोडायचा आवाज ही वेगळीच गोष्ट. विजेची गाडी सावकाश येते तेव्हा ती आलीय हे मला अंगावर येईपर्यंत समजत नाही. म्हणून युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ च्या जुलैपासून सगळ्याच नव्या विजेच्या नि हायब्रिड गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे येताना आवाज करणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या नियमात ही हद्द ३० किलोमीटर. त्यापुढे टायर स्वतःच बोलतात.

याला कोणी "कृत्रिम" म्हटलं की मला राग येतो. माझ्या दृष्टीने तो अगदी खरा आहे. मराठीत यासाठी एक शब्द आहे आणि तुम्हा कुणालाच तो कसा सुचला नाही? चाहूल.

आडकित्ता
टोपी काढली. चाहूल!

रफार
सुंदर शब्द, पण एक व्याकरणाची खोच. चाहूल "लागते". ज्याला लागते त्याच्याकडे ती असते, गाडीकडे नाही. "गाडी चाहूल करते" म्हणता येत नाही.

पांढरी काठी
"चाहूल देणे" आहे की. आणि लागते माझ्याकडे, हेच तर हवंय. नियमही तेच बघतो. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात ताशी २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल हवेत, ७५ च्या वर जायचं नाही, आणि वेग वाढला की सूर चढला पाहिजे. सूर का चढायचा? गाडी वेग घेतेय की थांबतेय हे ऐकणाऱ्याला उमगावं म्हणून. नुसता भोंगा लावला असता तर इशारा झाला असता, चाहूल नव्हे.

रफार
मान्य. यावरून मूळ प्रश्नाबद्दल एक सुचलं. आपण सगळे विशेषणाच्या मागे लागलोय: कृत्रिम, खोटा, नकली, उसना. मराठी हे काम क्रियापदावर करते. वाजणे आणि वाजवणे. ठोकपीटरावांचा टॅपेट "वाजतो", त्यात कुणाचा हेतू नाही. स्पीकरमधलं इंजिन "वाजवतात", त्यामागे कोणीतरी बसलाय. नॉइज म्हणजे जे वाजतं ते, साउंड म्हणजे जे वाजवलं जातं ते. "गाडीत आपोआप वाजणारं ते आधी बंद करतात आणि मग हवं ते वाजवतात." एकही नवा शब्द नको.

ठोकपीट
मी हेच म्हणत होतो, तुम्ही जरा शिकलेल्या भाषेत सांगितलंत.

शुद्धमती
"आपोआप" घरचा आहे, चालेल. तरी तांत्रिक लेखनात संज्ञा लागतेच. क्रियापदावर कोश चालत नाही.

डेसिबल
रफार, एक भोक आहे. इंडिकेटरची टिकटिक. पूर्वी आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, खरोखर उघडझाप करायचा, त्याची ती टिकटिक. आता बऱ्याच गाड्यांत रिले नाही, स्पीकर टिकटिक वाजवतो. तरी आपण "इंडिकेटर वाजतोय" म्हणतो, "वाजवतात" नाही. सवय झाली की वाजवलेलंही वाजणारं होतं. ह्युंदाईच्या विजेवरच्या आयोनिक ५ एनमध्ये तर गाडी गिअर पडल्याचा आवाज आणि झटकाही देते, बदलायला गिअरच नसताना. दहा वर्षांनी त्याला काय म्हणाल?

आडकित्ता
दहा वर्षांनी? फटफटीचं बघा ना. "फटफट" आवाजावरून नाव पडलं. विजेवरची दुचाकी आली की तिला काय म्हणायचं? माझी आजी प्रत्येक दुचाकीला फटफटीच म्हणायची, सायकल सोडून. आजच्या बिनआवाजी गाडीलाही म्हणाली असती.

तंबोरा
तसंच टमटम. टमटम टमटम घंटा वाजायची म्हणून टमटम.

शुद्धमती
अवांतर, पण टमटम आवाजावरून नाही. इंग्रजी "टँडम" चा अपभ्रंश आहे. घोडे एकामागे एक जोडायचे ती गाडी.

तंबोरा
एका घोड्याच्या टमटमला टँडम कसं म्हणतील?

शुद्धमती
जसं सायकल सोडून सगळ्याला फटफटी म्हणतात तसं.

ठोकपीट
घंटा असायचीच. थोरल्या काकांकडे होती.

आडकित्ता
घंटा होती याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, ठोकपीटराव. गाईच्या गळ्यातही असते.

काना_मात्रा
सगळ्यांचे आभार. रफार यांचं वाक्य घालून मजकूर दिला. संपादकांनी जागेअभावी तो परिच्छेदच काढला. बाहेरच्या आवाजाच्या चौकटीला मात्र "चाहूल" हेच शीर्षक ठेवलंय, पांढरी काठी, तुमचा शब्द छापून येतोय. "घरघर" दोन ठिकाणची काढली, एक राहिलीच.

शुद्धमती
अभिनंदन. टमटमबद्दल मी कोश बघून उद्या लिहिते, तोवर कुणी निष्कर्ष काढू नये.

तंबोरा
कोणता कोश ते आधी सांगा.