अनुभव धागा: व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कोण कोण गेलंय?

मुठेकाठी
काल संगम पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. खाली जेसीबी लावून जलपर्णी उपसत होते आणि मला एकदम सरोवराकाठचं किसुमू आठवलं. हे तेव्हा पश्चिम केनियात एका साखर कारखान्यात केमिस्ट होते, रविवारचा बाजार किसुमूला. तिथेही हीच बया. पण तिथली चालते! सकाळी स्वच्छ पाणी दिसायचं, वारा फिरला की हिरवं मैदानच्या मैदान सरकत काठाला यायचं. होड्या आत अडकायच्या. कोळी वल्ह्यांनी वाट फोडताहेत आणि बगळे त्याच जलपर्णीवरून आरामात फिरताहेत.

आपले लोक केनियाला जातात, मसाईमारात सिंह बघतात आणि परत. सरोवराला कुणी विचारत नाही. ६८ हजार चौ. किमी.च्या वर पसरलंय हो, आख्खा मराठवाडा बुडवून वर जागा उरेल. केनियाकडे त्यातलं जेमतेम ६ टक्के, बाकी टांझानिया नि युगांडा. गेला असाल तर लिहा, काय केलंत, काय खाल्लंत. मला दोन्हींत रस आहे, दुसऱ्यात जास्त.

लातूरकर_७२
बुडवायला मराठवाडाच सापडला का ताई? २०१६ ला आमच्याकडे पाणी रेल्वेनं आलं होतं. बुडवा, आमची हरकत नाही.

मुठेकाठी
हा हा, दादा माफी! विदर्भ मावत नव्हता म्हणून.

सुरमईप्रेमी
खाण्यावर आलात ते बरं केलं. किसुमूजवळ डुंगा म्हणून कोळीवस्ती आहे, तिथे टिलापिया. आधी कच्चे मासे समोर धरतात, आपण बोट दाखवायचं, मग तोच अख्खा तळून येतो. बाई जग नि घमेलं घेऊन टेबलापाशी येते, हात धुवायचे नि सुरू. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुकुमा नावाची पालेभाजी. काटाचमचा मागू नका, शोभत नाही. तळलेला मासा परत कांदा टोमॅटोत शिजवतात त्याला वेट फ्राय म्हणतात, तोच घ्या. मी नंतर घरी कोकम घालून केला, जमला.
दुसरा तिथला मोठा मासा नाईल पर्च. मूळचा तिथला नव्हेच, १९५० च्या दशकात आणून सोडला आणि त्यानं सरोवरातल्या शेकडो देशी जाती फस्त केल्या. आता त्याचे फिलेट युरोपला जातात, काठावरच्यांना उरतात डोकी नि सांगाडे. तेही तळून विकतात.

झिपरी
ओमेना खाल्ले का कुणी? मांदेलीच ना ते?

सुरमईप्रेमी
छे, मांदेलीपेक्षा बारीक. वाळूवर जाळी पसरून सुकवतात. रात्री दिवे लावून पकडतात, अमावस्येच्या सुमाराला काठावरून बघा, पाण्यावर गाव वसल्यागत दिसतं.

डॉ_वहिनी
ओपीडी चालू आहे, थोडक्यात लिहिते. पाणी कितीही छान दिसो, लव्हाळ्यात, संथ काठाला उतरू नका. बिल्हार्झिया, म्हणजे कृमींचा रोग. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या अळ्या आपल्या कातडीतून आत जातात, तेव्हा कळतही नाही. उतरलाच असाल तर परत आल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करा, प्राझिक्वांटेलनं बरं होतं. आणि पाणघोडे. संध्याकाळी ते चरायला काठावर येतात, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही.

अर्धाकप
कंपालात नोकरीला होतो. युगांडातल्याच जिंजाला जाच. नाईल इथून सुरू होते, बोटवाला नेमक्या त्या जागी नेऊन इंजिन बंद करतो. पूर्वी तिथे रिपन धबधबा होता, इंग्रज प्रवासी स्पीकनं १८६२ मध्ये पाहिलेला, १९५४ च्या धरणानं तो पाण्याखाली गेला. काठावर गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ ला त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित केला होता. आई सोबत होती, चप्पल काढून उभी राहिली. शेजारी बियरचे स्टॉल. तिला त्याचं काही वाटलं नाही, मलाच वाटलं.
गावात मुख्य रस्त्यावर जुन्या इमारतींच्या कपाळावर गुजराती नावं नि साल कोरलेली. १९७२ ला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं, मालक गेले, नावं तशीच.

झिपरी
बाप रे. माझ्या नणंदेच्या सासरचे तिथलेच, नंतर लेस्टरला गेले. अजून जेवताना मोगोच्या, म्हणजे कसावा कंदाच्या गप्पा. कुकर झालाय, येते परत.

पायात_भिंगरी
एंटेबेच्या बाजूला नाकिवोगो धक्का आहे, तिथून दुपारी सेसे बेटांवरच्या कलंगालाची फेरीबोट. साडेतीन तासांच्या आसपास. सेसे बेटांवर करायला काही नाही, हेच छान आहे. पक्ष्यांचं वेड असेल तर मबाम्बाची दलदल, वल्हवायच्या होडीतून. शूबिल दिसतो. चोच खरंच बुटाएवढी. बराच वेळ हललाच नाही, मला वाटलं मेलाय.
वादळ मात्र हलक्यात घेऊ नका. दुपारनंतर आभाळ कधी फुटेल सांगता येत नाही. लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत बसायचं नाही, नावाडी कितीही हसो.

कोयनाकाकू
आणि माशा??? आमच्या हॉटेलच्या समोर पाण्यावर काळा धूर दिसला, म्हटलं आग लागली. माशांचे खांब ते. चावत नाहीत पण दिव्याभोवती सकाळी चिवडा सांडल्यासारखा ढीग. काही जण पकडून दाबून वड्या करतात म्हणे. आमच्या ह्यांनी विचारलं कुठे मिळेल. मी उठून गेले.

लातूरकर_७२
काका पात्र माणूस. हाय सांगा.

तिखटमीठ
व्हिसाचं कुणी सांगेल का? दोन्ही देश करायचे आहेत.

पायात_भिंगरी
ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा. केनिया, युगांडा, रवांडा, ९० दिवस, १०० डॉलर. टांझानिया त्यात नाही, म्वांझाला जायचं तर वेगळा. यलो फीव्हरची लस निघायच्या १० दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड जपा. परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात, नसेल तर क्वारंटाइन.

तिखटमीठ
लस शनिवारी मिळते का? नवऱ्याला सुट्टी नाही.

डॉ_वहिनी
फोन करून जा, ठरलेल्या वारीच देतात. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

तिखटमीठ
त्याला कारल्याची आहे म्हणतो, चालेल ना?

डॉ_वहिनी
ती सगळ्यांना असते.