युद्धाच्या बातम्या आणि घरातले लहान मूल
लहान मूल घरात असताना युद्धाच्या बातम्या बंदच ठेवाव्यात, हे अनेकदा ऐकू येणारे मत दृश्यांपुरते मला पूर्ण मान्य आहे. पण आमच्या बेळगावात तेवढ्याने भागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथेच असल्याने गल्लीगल्लीत कोणाचे तरी वडील किंवा काका फौजेत असतात, आणि युक्रेन असो वा गाझा, मोठ्यांची चर्चा मुलांच्या कानावर पडतेच. गाझातील पडक्या शाळेचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून माझ्या पाच वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, त्यांची दप्तरं आतच राहिली का?" मी "हो, काहींची राहिली असतील," एवढेच सांगितले आणि ती आणखी काही विचारते का, म्हणून थांबलो. तिला युद्धाची कारणे नको होती. ती मुले आता रात्री कुठे झोपतात, हे हवे होते. विचारले तेवढेच, पण खरे सांगावे, असे मला मनापासून वाटते. "तिकडचे लोक वाईट" हे सोपे उत्तर मात्र मी कटाक्षाने टाळतो, कारण १९५६ पासून भाषेचा प्रश्न धुमसत असलेल्या या सीमाभागात तिच्या कितीतरी मैत्रिणी घरी कन्नड बोलणाऱ्या आहेत, आणि आज गाझाबद्दल ऐकलेले असे वाक्य उद्या ती त्यांच्याबद्दल सहज बोलून जाईल.